विदर्भाचा अजिंक्य हंगाम : एक अभ्यास

खेळांतील विजय ऐकून टाळ्या वाजविणें निराळें, आणि तो विजय कसा मिळाला याचा स्वस्थपणें विचार करणें निराळें. पहिलें काम प्रेक्षकाचें, दुसरें विद्यार्थ्याचें. आमच्या वाचकांपैकीं बहुतेक मुलांना क्रिकेटचा नाद आहे, आणि बहुतेक आईबापांना त्या नादाची काळजी आहे. दोघांच्याहि उपयोगी पडावें असें एक उदाहरण आम्हीं आज अभ्यासासाठीं निवडलें आहे. तें म्हणजे २०१७-१८ सालीं रणजी करंडकाच्या स्पर्धेंत विदर्भाच्या संघानें गाजविलेला हंगाम.

विदर्भाचा संघ या स्पर्धेंत १९५७-५८ पासून खेळत आला. म्हणजे त्या हंगामापर्यंत साठ वर्षें झालीं होतीं. इतक्या काळांत अंतिम सामना तर दूरच राहो, उपांत्य फेरीचा उंबरठाहि त्यानें ओलांडला नव्हता. विदर्भाशीं सामना आहे असें कळलें म्हणजे मोठ्या संघांनीं निश्चिंत व्हावें, अशीच बहुधा स्थिति असे. आणि मग एका हिवाळ्यांत हाच संघ एकहि सामना न हरतां करंडक घेऊन नागपुरास परतला. याला चमत्कार म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. निर्णायक घडीला जो डगमगत नाहीं, त्यानें ती घडी येण्यापूर्वींच पुष्कळ कांहीं करून ठेवलेलें असतें. आणि जें करून ठेवलें तें बहुधा कोणाच्या नजरेंत भरत नाहीं. हेंच या लेखाचें प्रतिपाद्य आहे. तें खरें कीं खोटें, हें वाचकांनींच पुढील हकीकतीवरून ठरवावें.

स्पर्धेची घटना

जे पालक क्रिकेटच्या वाटेला कधीं गेले नाहींत, त्यांच्यासाठीं प्रथम स्पर्धेची रचना थोडक्यांत सांगतों. नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी यांनीं इंग्लंडच्या मैदानांवर आपल्या फलंदाजीनें मोठी कीर्ति मिळविली. १९३३ सालीं ते निवर्तले. त्यांचें नांव मागें राहावें म्हणून पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनीं जो करंडक दिला, तो रणजी करंडक. १९३४-३५ सालीं स्पर्धेस आरंभ झाला. देशांतील निरनिराळ्या प्रांतांचे संघ तींत भाग घेतात. महाराष्ट्र राज्य एक असलें तरी या स्पर्धेंत त्याचे संघ तीन आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. पैकीं मुंबईनें २०१५-१६ पर्यंत ४१ वेळां करंडक जिंकला होता. विदर्भानें एकदांहि नाहीं. एकाच राज्यांतील दोन संघांमध्यें केवढें हें अंतर!

२०१७-१८ सालीं स्पर्धेंत २८ संघ होते. त्यांचे सात-सात संघांचे चार गट केलेले होते. प्रत्येक संघानें आपल्या गटांतील बाकीच्या सहा संघांशीं चार-चार दिवसांचा एकेक सामना खेळावयाचा, आणि प्रत्येक गटांतील पहिल्या दोन संघांनीं पुढील फेरींत जावयाचें, असा नियम होता. निर्भेळ विजयाला सहा गुण मिळत. विजय एका डावानें अथवा दहा गडी राखून मिळाला तर एक गुण अधिक. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावांत ज्याच्या धांवा अधिक त्याला तीन गुण, दुसऱ्यास एक. या नियमामुळें पहिल्या डावास फार महत्त्व येतें. ज्यानें आरंभीं काम नीट केलें, त्याला शेवट साधला नाहीं तरी कांहीं तरी पदरांत पडतें. आणि ज्यानें आरंभीं आळस केला त्याला शेवटीं दुप्पट राबावें लागतें. शाळेच्या वर्षाशीं याचें जें साम्य आहे, तें आम्हीं निराळें सांगण्याची गरज नाहीं.

गटांतील सामने संपले म्हणजे बाद फेरी लागते. येथें सामने पांच दिवसांचे असतात, आणि जो हरला तो घरीं गेला. त्या वर्षीं हे सामने दोन्ही संघांना परक्या अशा मैदानांवर झाले, त्यामुळें घरच्या खेळपट्टीचा अथवा घरच्या लोकांच्या आरोळ्यांचा आधार कोणालाच नव्हता.

मागील इतिहास

विदर्भ म्हणजे अकरा जिल्ह्यांचा प्रदेश. कापसाचा, संत्र्यांचा, आणि उन्हाळ्यांत अंगाची लाही करणाऱ्या उन्हाचा. या भूमींत क्रिकेटचें रक्त नव्हतें असें नाहीं. भारताच्या कसोटी संघाचे पहिले कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ सालीं नागपुरासच झाला. परंतु त्यांच्या पराक्रमाचा पुष्कळसा काळ इंदुरास होळकरांच्या आश्रयाखालीं गेला, आणि होळकरांच्या संघानें रणजी करंडक चार वेळां जिंकला. गुणी माणूस येथें जन्मावा आणि त्याचें नांव दुसऱ्या गांवानें मिरवावें, असा हा प्रकार.

स्पर्धेच्या आरंभीं या भागाचा संघ मध्यप्रांत व वऱ्हाड या नांवानें खेळत असे. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली आणि त्यानंतरच्या वर्षीं विदर्भाचा स्वतंत्र संघ मैदानांत उतरला. पुढें कित्येक वर्षें त्याचा क्रम ठरलेला असे : मोठ्या संघांकडून हार खावी, लहान संघांशीं बरोबरी करावी, आणि पुढील वर्षाची वाट पाहावी. वारंवार हरणाऱ्यास पराभवाचें दुःख वाटेनासें होतें. आमच्या मतें पराभवाहून ही संवय अधिक घातक होय, कारण हरलेला मनुष्य पुन्हां उठूं शकतो, परंतु हरण्यास सरावलेला मनुष्य उठण्याचा यत्नच करीत नाहीं.

ही संवय मोडण्यास एका तरुणाचें उदाहरण फार उपयोगी पडलें असावें. कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्या बापाचा मुलगा उमेश यादव २००८ सालीं विदर्भाकडून प्रथम रणजी स्पर्धेंत खेळला. त्याचा चेंडू विलक्षण वेगानें येई. अवघ्या तीन वर्षांनीं, २०११ सालीं, तो भारताच्या कसोटी संघांत गेला. विदर्भाच्या संघांतून कसोटी सामन्यापर्यंत पोंचलेला तो पहिलाच खेळाडू. येथून तेथवर वाट आहे, एवढें त्यानें मागून येणाऱ्या मुलांना दाखवून दिलें.

तयारी

२००८ सालींच नागपूरजवळ जामठा येथें विदर्भ क्रिकेट संघटनेचें नवें विशाल मैदान सुरू झालें. परंतु मैदानाच्या भिंती खेळाडू घडवीत नाहींत. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच सुमारास संघटनेनें काढलेली निवासी अकादमी. भारताकडून खेळलेले नागपूरचे जलद गोलंदाज प्रशांत वैद्य यांनीं तिच्या कामांत पुढाकार घेतला. लहान वयाचीं मुलें निवडावीं, त्यांना एके ठिकाणीं ठेवून नियमित शिक्षण द्यावें, आणि फळाची घाई करूं नये, असा तो उपक्रम होता. जें झाड आज लाविलें त्याचीं फळें आठ वर्षांनीं खावयाचीं, हें संत्र्याच्या बागाइतदारांना शिकवावें लागत नाहीं. पण खेळाच्या संस्थांना तें पुष्कळदां कळत नाहीं. येथें तें कळलें. फळाचीं चिन्हेंहि हळूहळू दिसूं लागलीं. २०१४-१५ आणि २०१५-१६ या दोन्ही हंगामांत विदर्भ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोंचला आणि तेथें हरला. म्हणजे २०१७ सालीं जें घडलें त्याची पायरी-पायरीनें चढण आधींच सुरू झालेली होती.

२०१७-१८ च्या हंगामासाठीं चंद्रकांत पंडित हे विदर्भाचे शिक्षक म्हणून आले. हे भारताचे माजी यष्टिरक्षक. त्यांच्या शिक्षणाखालीं मुंबईनें २०१५-१६ सालीं करंडक जिंकला होता. शिस्तीच्या बाबतींत ते कोणाचीहि भीड ठेवीत नाहींत, अशी त्यांची ख्याति. संघांत वसीम जाफर होता. त्याचें वय तेव्हां ३९ होतें, आणि मुंबईकडून खेळून त्यानें आठ वेळां रणजी करंडक जिंकलेला होता. कर्नाटकांतून आलेला गणेश सतीश हा दुसरा अनुभवी फलंदाज. कर्णधार मात्र नागपूरचाच, फैज फजल. डाव्या हातानें खेळणारा हा सलामीचा फलंदाज भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळला. २०१६ सालीं झिंबाब्वेमध्यें झालेल्या त्या सामन्यांत तो ५५ धांवा काढून नाबाद राहिला, आणि पुन्हां त्याला बोलावणें आलें नाहीं. दुसरा कोणी असता तर कुरकुरत बसला असता. फजल विदर्भासाठीं धांवा काढीत राहिला.

साखळी सामने

पहिलाच सामना मोहालीस पंजाबशीं होता. पंजाब आपल्या घरच्या मैदानावर खेळत होता. विदर्भानें तो सामना एक डाव आणि ११७ धांवांनीं जिंकला. पुढें बंगालशीं गांठ पडली. तेथें फजल आणि त्याचा सलामीचा जोडीदार संजय रामस्वामी या दोघांनींहि शतकें केलीं, आणि विदर्भ दहा गडी राखून जिंकला. गोव्याचाहि त्यानें डावानें पराभव केला. वर सांगितलेला अधिक गुण अशा विजयांनाच मिळतो, हें लक्षांत ठेवावें. सहा सामन्यांत एकहि पराभव न घेतां विदर्भ आपल्या गटांत पहिला आला.

या यशांत कर्णधाराचा वांटा फार मोठा होता. फजलनें त्या हंगामांत ९१२ धांवा केल्या, व त्यांत पांच शतकें होतीं. संबंध देशांत त्याच्याहून अधिक धांवा कर्नाटकाच्या मयंक अगरवालच्याच होत्या. जो स्वतः प्रथम उठून कामाला लागतो, त्याच्या घरांत दुसऱ्यांना हांका माराव्या लागत नाहींत. संघाचेंहि तसेंच आहे.

उपांत्यपूर्व सामना डिसेंबरांत सुरत येथें केरळशीं झाला. पहिल्या डावांत विदर्भानें २४६ व केरळानें १७६ धांवा केल्या. दुसऱ्या डावांत विदर्भानें ९ बाद ५०७ वर डाव सोडला, आणि केरळास १६५ धांवांत गुंडाळलें. विजय ४१२ धांवांनीं. विद्यार्थ्यांनीं ही वजाबाकी स्वतः करून पाहावी, म्हणजे धांवफलक वाचण्याची रीत समजेल. साठ वर्षांनीं विदर्भ उपांत्य फेरींत पोंचला होता.

पांच धांवांची हकीकत

उपांत्य सामना १७ डिसेंबरपासून कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकाशीं झाला. कर्नाटक हा या स्पर्धेंतील अत्यंत बलाढ्य संघांपैकीं एक. विदर्भाचा पहिला डाव १८५ धांवांत आटोपला. कर्नाटकाच्या अभिमन्यु मिथुननें पांच गडी बाद केले. उलट कर्नाटकानें ३०१ धांवा केल्या, त्यांत एकट्या करुण नायरच्या १५३. म्हणजे पहिल्या डावांत विदर्भ ११६ धांवांनीं मागें पडला.

येथें आम्ही वाचकांना क्षणभर थांबावयास सांगतों. सामना अनिर्णित राहिला असता तरी नियमाप्रमाणें कर्नाटकच पुढें गेला असता. विदर्भाला एकच मार्ग उरला होता : पुष्कळ धांवा करावयाच्या, आणि नंतर कर्नाटकाचे दहाहि गडी बाद करावयाचे. पूर्वीचा विदर्भ असता तर येथेंच खांदे पाडून बसला असता. या वेळीं तसें झालें नाहीं. गणेश सतीशनें आपल्या जुन्या प्रांताविरुद्ध ८१ धांवा केल्या. इतरांनीं थोडथोडी भर घातली. आणि डाव ३१३ पर्यंत गेला. त्यांत एकाचेंहि शतक नाहीं. कर्नाटकास विजयासाठीं १९८ धांवांची गरज उरली.

आतां रजनीश गुरबाणी पुढें आला. हा नागपूरचा तरुण अभियांत्रिकीचा पदवीधर. त्याचा वेग उमेश यादवासारखा नव्हे. परंतु चेंडू एकाच टप्प्यावर पुन्हां पुन्हां टाकण्याची चिकाटी आणि तो शेवटच्या क्षणीं किंचित् वळविण्याची कला त्याला साधली होती. चौथ्या दिवसाच्या अखेरीस कर्नाटकाचे १११ धांवांत सात गडी गेले. आणखी ८७ धांवा हव्या होत्या, आणि तीन गडी हातीं होते.

पांचव्या दिवशीं सकाळीं सामना कर्नाटकाकडे झुकूं लागला. विनयकुमार व मिथुन यांनीं श्रेयस गोपाळच्या साथीनें धैर्यानें धांवा जमविल्या. हव्या असलेल्या धांवा पन्नास झाल्या, तीस झाल्या, अखेर दहांच्याहि आंत आल्या. परंतु उरलेले तिन्ही गडी गुरबाणीनेंच टिपले. कर्नाटकाचा डाव १९२ धांवांवर संपला. विदर्भ पांच धांवांनीं जिंकला! गुरबाणीनें त्या डावांत ६८ धांवांत सात, आणि दोन्ही डाव मिळून बारा गडी बाद केले.

पांच धांवा म्हणजे किती? दोन दिवसांपूर्वीं सीमेजवळ अडविलेला एक चेंडू, आणि शेवटच्या जोडीनें घाईनें न खेळतां काढलेली एखादी एकेरी धांव. पांच दिवसांच्या खेळांत अशीं कामें शेंकडों होतात, आणि त्यांचें कौतुक कोणी करीत नाहीं. परंतु येथें त्यांचीच बेरीज संघाला तारून गेली.

इंदूरचा अंतिम सामना

अंतिम सामना २९ डिसेंबर २०१७ रोजीं इंदूरच्या होळकर मैदानावर सुरू झाला. नागपुरास जन्मलेले नायडू जेथें कीर्तीस चढले, त्याच नगरींत विदर्भाचें भाग्य ठरावयाचें होतें. प्रतिपक्षीं दिल्लीचा संघ होता. दिल्लीनें पूर्वीं सात वेळां करंडक जिंकलेला. विदर्भाच्या बाजूस उमेश यादव नव्हता. तो भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेस गेला होता.

फजलनें नाणेफेक जिंकून प्रथम क्षेत्ररक्षण पत्करलें. दिल्लीच्या ध्रुव शोरेनें १४५ धांवांची उत्तम खेळी केली. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं गुरबाणीनें लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गड्यांचे त्रिफळे उडविले, आणि त्यांतला तिसरा गडी खुद्द शोरेच होता. रणजी स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत असा पराक्रम यापूर्वीं एकदांच झाला होता. १९७२-७३ सालीं तो तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम् यांनीं केला होता. दिल्लीचा डाव २९५ वर संपला. गुरबाणीचे बळी सहा, धांवा ५९.

विदर्भाच्या डावांत फजलनें ६७ व जाफरनें ७८ धांवा केल्या. परंतु डाव खरा उभारला तो त्यांच्या मागून आलेल्यांनीं. अक्षय वाडकर हा तरुण यष्टिरक्षक. सहा गडी बाद झाल्यावर त्यानें आदित्य सरवटे याच्याबरोबर १६९ धांवांची भर घातली. वाडकरनें १३३ धांवा केल्या. मोठ्या सामन्यांतील त्याचें हें पहिलेंच शतक, आणि तें आलें तें अंतिम सामन्यांत! सरवटे हा मुख्यतः डावखुरा फिरकी गोलंदाज, तरी त्यानें ७९ केल्या. सिद्धेश नेरळ हाहि गोलंदाजच; त्यानें ७४ केल्या. डाव ५४७ वर थांबला, आणि २५२ धांवांची आघाडी मिळाली. ‘माझें काम गोलंदाजीचें, फलंदाजी दुसऱ्यांनीं करावी’ असें या दोघांनीं म्हटलें असतें तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु करंडकहि मिळाला नसता.

दुसऱ्या डावांत दिल्लीनें २८० धांवा केल्या. अक्षय वखरेच्या फिरकीनें चार गडी टिपले. विजयासाठीं २९ धांवा उरल्या. १ जानेवारी २०१८ रोजीं, चौथ्याच दिवशीं, विदर्भानें त्या एक गडी गमावून केल्या. शेवटचा फटका वसीम जाफरनें मारला. सामन्याचा मानकरी गुरबाणी ठरला. त्या हंगामांत तो सहाच सामने खेळला. परंतु तेवढ्यांत त्यानें ३९ बळी घेतले होते.

एक आक्षेप

कित्येकांनीं असा आक्षेप घेतला कीं, शिक्षक मुंबईचे, जाफर मुंबईचा, सतीश कर्नाटकचा. मग या विजयांत विदर्भाचें तें काय? आक्षेप विचार करण्यासारखा आहे, म्हणून टाळून चालणार नाहीं.

बाहेरून आलेल्या माणसांचें ऋण मोठें होतें, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. पुष्कळ वेळां जिंकलेला मनुष्य शेजारीं बसला असला म्हणजे जिंकणें ही अशक्य गोष्ट वाटेनाशी होते. परंतु वर दिलेली हकीकत पुन्हां वाचून पाहावी. कोलकात्यास शेवटचे गडी कोणीं बाद केले? इंदुरास शतक कोणीं केलें? गुरबाणी, वाडकर, सरवटे, वखरे, फजल हे सारे विदर्भाच्याच क्रिकेटमध्यें वाढलेले. शिक्षक दुसऱ्या गांवचा असला म्हणून विद्यार्थ्यानें सोडविलेलें गणित शिक्षकाचें होत नाहीं. बाहेरून दिवा आणतां येतो. वात आणि तेल घरचींच लागतात.

शिवाय विद्या ही कोणा एका प्रांताची मिरास नव्हे. पंडितांनीं पुढें मध्यप्रदेशाच्या संघास शिकविलें, आणि २०२१-२२ सालीं त्या संघानेंहि मुंबईस हरवून प्रथमच करंडक जिंकला. ज्या करुण नायरनें कोलकात्यास विदर्भाविरुद्ध १५३ धांवा काढल्या, तोच २०२४-२५ च्या अंतिम सामन्यांत विदर्भाकडून खेळला. आणि ज्या सरवटेनें इंदुरास विदर्भाचा डाव सांवरला, तो त्याच सामन्यांत केरळाच्या बाजूनें उभा होता. असा हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे.

दुसऱ्या वर्षाची कसोटी

एकदां मिळालेल्या यशांत दैवाचा भाग किती, हें लगेच सांगतां येत नाहीं. कोलकात्यास आणखी सहा धांवा गेल्या असत्या तर निकाल उलट लागला असता, हें कोण नाकारील? म्हणून पुढील हकीकत पाहणें अवश्य आहे. मार्च २०१८ मध्यें नागपुरास रणजी विजेत्यांचा शेष भारताशीं इराणी करंडकाचा सामना झाला. त्यांत विदर्भानें ७ बाद ८०० धांवांवर डाव सोडला. वयाच्या चाळिसाव्या वर्षीं जाफरनें २८६ धांवा केल्या. सामना अनिर्णित राहिला, आणि पहिल्या डावांतील आघाडीवर करंडक विदर्भास मिळाला.

२०१८-१९ सालीं विदर्भानें रणजी करंडक पुन्हां जिंकला. त्या वर्षीं जाफरच्या धांवा १०३७ झाल्या. नागपुरांतील अंतिम सामन्यांत सौराष्ट्राचा ७८ धांवांनीं पराभव झाला, आणि सरवटेनें अकरा गडी बाद केले. लगेच दुसऱ्यांदां इराणी करंडकहि आला. त्याच सुमारास, फेब्रुवारी २०१९ मध्यें, पुलवामा येथें आपले जवान कामास आले होते. विदर्भाच्या संघानें या सामन्याच्या बक्षिसाची रक्कम त्यांच्या कुटुंबीयांस देऊन टाकली. धांवांच्या कोष्टकांत ही गोष्ट आढळत नाहीं, तरी ती येथें नमूद करणें आम्ही योग्य समजतों.

यानंतर चढउतार आलेच. २०२३-२४ च्या अंतिम सामन्यांत मुंबईनें विदर्भास १६९ धांवांनीं हरविलें. परंतु दुसऱ्याच वर्षीं संघ पुन्हां उभा राहिला. २०२४-२५ सालीं जामठ्यास केरळाविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, आणि ३७९ विरुद्ध ३४२ अशा पहिल्या डावांतील आघाडीवर तिसऱ्यांदां करंडक मिळाला. हर्ष दुबे या तरुण फिरकी गोलंदाजानें त्या एका हंगामांत ६९ बळी घेऊन स्पर्धेचा नवा उच्चांक केला. कर्णधार कोण होता? इंदुरास पहिलें शतक करणारा अक्षय वाडकर. जाफर नाहीं, पंडित नाहींत, फजलहि निवृत्त झालेला; तरी वात जळतच होती. वरील आक्षेपास याहून चांगलें उत्तर आम्हांस सुचत नाहीं.

आम्हीं काय शिकावें

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं सारेच कांहीं रणजी स्पर्धेंत खेळणार नाहींत. बहुधा एखादा खेळेल, किंवा कोणीच नाहीं. परंतु ‘आपण लहान गांवचे, असलीं बक्षिसें आपल्यासाठीं नव्हेत’ हा विचार मैदानापुरता राहत नाहीं. तो वर्गांत, परीक्षेंत आणि पुढें संसारांतहि पाठीस लागतो. विदर्भानें साठ वर्षें हा विचार वागविला आणि मग टाकून दिला. त्यानें तो घोषणा करून टाकला नाहीं. रोजच्या सरावानें टाकला. पहिल्या डावांत ११६ धांवांनीं मागें पडल्यावर काय करावें, याचें उत्तर त्या दिवशीं शोधून सांपडलें नसतें; तें आधींच अंगांत मुरलेलें असावें लागतें.

पालकांनाहि एक विनंती आहे. मुलगा अथवा मुलगी खेळते म्हणून अभ्यास बुडालाच, असें एकदम समजूं नये. गुरबाणीनें पदवीहि मिळविली आणि चेंडूहि टाकला. त्याचबरोबर एका वर्षांत फळ दिसलें नाहीं म्हणून बाग उपटून टाकूं नये. मात्र खेळ असो वा अभ्यास, तो नेमानें होतो कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. नेम नसेल तर दोन्ही व्यर्थ आहेत.

आणि शेवटीं, कोलकात्यास त्या पांच धांवा विदर्भाच्या विरुद्ध गेल्या असत्या तर? करंडक मिळाला नसता, आणि हा लेखहि कदाचित् लिहिला गेला नसता. परंतु अकादमींत घालविलेलीं वर्षें, गुरबाणीची चिकाटी, सतीशच्या ८१ धांवा, हें सारें जेवढें आहे तेवढेंच मोलाचें राहिलें असतें. निकाल आपल्या हातीं पुरता नसतो. तयारी मात्र पुरती आपल्या हातीं असते. तेवढी जो करतो, त्याला आज ना उद्यां कोलकात्याची सकाळ भेटते, आणि तेव्हां त्याचा हात थरथरत नाहीं. इत्यलम्.